प्रश्न शेवटी

जावा बेटावरच्या क्लातेनच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारे मार्सुदी मास्तर अभिक्रियांच्या प्रकारांचा धडा सुरू करताना दर वर्षी आधी स्वतःची अब्रू काढतात आणि मग फळ्याकडं वळतात. "या तालुक्यात आम्लाची सगळ्यात जास्त माहिती कुणाला? मला. आणि आम्लानं सगळ्यात जास्त वाटोळं कुणाचं केलं? माझंच," असं म्हणून ते खडू उचलतात. नवी पोरं हसावं की नाही या विचारात पडतात. ज्यांची मोठी भावंडं याच शाळेतून गेली ती आधीच खुसुखुसु हसत असतात, कारण गोष्ट त्यांना पाठ असते. मास्तर दर वर्षी तीत स्वतःच्या गाढवपणाची थोडी भर घालतात एवढंच.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी हा धडा दुसऱ्यांच्या अब्रूवर चालायचा. संयोग अभिक्रिया म्हणजे शाळेचा शिपाई आणि चहावाली यांचं लग्न. अपघटन म्हणजे कवायतीचे मास्तर आणि त्यांची माहेरी निघून गेलेली बायको. विस्थापन म्हणजे जुन्या मुख्याध्यापकांना खुर्चीवरून उठवून तिथं बसलेले नवे मुख्याध्यापक. दुहेरी विस्थापनाला त्यांनी दोन शेजारी जोडप्यांचं जे उदाहरण शोधलं होतं, ते इथं न सांगितलेलंच बरं. कवायतीचे मास्तर चार वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हते आणि मार्सुदी मास्तरांचं म्हणणं असं, की त्याला विनोद कळत नाही.

वर्गात त्यांचा एकच नियम होता, प्रश्न शेवटी. मध्येच कुणी हात वर केला की मास्तर त्याच्याकडं न बघताच "शेवटी" म्हणायचे आणि पुढं जायचे. शेवट मात्र कधी यायचा नाही. त्याआधी घंटा व्हायची. अशी सव्वीस वर्षं गेली, आणि सव्वीस वर्षांत आपल्याला कुणी अवघड प्रश्न विचारला नाही याचा मास्तरांना मोठा अभिमान होता.

मास्तरांच्या घरी पणजोबांपासून चालत आलेली एक केरिस होती. नागमोडी कट्यारच ती, काळ्या लोखंडात निकेलची रुपेरी नक्षी आणि मुठीपासून टोकापर्यंत तेरा वळणं. तेराच का, तर केरिसची वळणं विषमच असतात. सम वळणांची केरिस लोहार घडवत नाही आणि शहाणा माणूस घरात ठेवत नाही. मास्तरांना मुलगा नव्हता. पालुपी ही एकुलती एक मुलगी, आणि तिचं लग्न मुलुद महिन्यात ठरलं होतं. लग्नात सासऱ्यानं जावयाच्या हाती केरिस द्यायची ही रीत. तेव्हा पणजोबांची केरिस आता हांडाकाच्या कमरेला जाणार होती.

हांडाका बायात गावच्या रंगाऱ्यांचा पोरगा. त्याची आई, बू सुमिराह, झाडपाल्याच्या रंगात बातिकची कापडं रंगवायची आणि हा तिच्या हाताखाली कढया ढवळायचा. हाताची नखं कायम निळी. अबोल इतका, की मागणी घालायला आला तेव्हाही तासभरात दोन वाक्यं बोलला, आणि त्यातलं एक "पाऊस येईल" असं होतं. मास्तरांना जावई फार आवडला. श्रोता म्हणून तर असा दुसरा मिळाला नसता.

केरिस दर वर्षी सुरो महिन्यात धुवायची. ते काम म्हबाह पाविरोंचं. ऐंशी वर्षांचे आजोबा, गावातल्या निम्म्या घरांच्या केरिसा त्यांच्या हातून गेलेल्या. नारळाच्या पाण्यात पातं भिजवायचं, गंज सुटला की लिंबानं चोळायचं, रिठ्याच्या फेसानं धुवायचं आणि मग लिंबाच्या रसात कालवलेला सोमल, विषच तो, बोटानं थोडा थोडा चढवायचा. त्यानं लोखंड काळंभोर होतं आणि निकेल तसंच लखलखत राहतं. या सगळ्याला पाच-सहा दिवस. आदल्या वर्षी मास्तरांनी तिथं उभ्या उभ्या गंज म्हणजे काय, लोखंड आणि प्राणवायूचा संयोग कसा होतो, लिंबातलं आम्ल नेमकं काय करतं, असं व्याख्यान लावलं. म्हबाह पाविरो मान खाली घालून चोळत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमचं सगळं खरं असेल. पण जरा उजेडातून बाजूला व्हा." अंगणात पंधरावीस माणसं होती. सगळी हसली.

ते "जरा बाजूला व्हा" मास्तरांच्या घशात वर्षभर अडकून राहिलं. त्या वर्षी सुरोचा पहिला दिवस क्लिवोनच्या शुक्रवारी, म्हणजे जावी पंचांगातल्या मोठ्या दिवशी आला, शाळेला सुट्टी, आणि मास्तरांनी ठरवलं, पाच दिवसांचं काम दहा मिनिटांत करून दाखवायचं. शाळेतून त्यांनी काचेचं उंच मोजपात्र आणलं, हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली आणली, आणि सकाळी नऊ वाजता ओसरीवर पातं टोकाकडून आत सोडलं. आम्ल पात्याच्या अर्ध्यापर्यंत आलं. त्यांची बायको वार्सिनी दारातूनच म्हणाली, की म्हबाहना एकदा विचारलं असतं तर काय बिघडलं असतं. मास्तर म्हणाले, आम्लाला वय विचारायचं नसतं. वाक्य त्यांना फार आवडलं. त्याचा अर्थ काय हे त्यांना आजही सांगता येत नाही.

आणि तेवढ्यात सायकल लावून हांडाका आला. आईनं लग्नाच्या कापडाचा नमुना दाखवायला पाठवलेला. वार्सिनीनं चहा आणून त्याच्यापुढं ठेवला आणि ती स्वयंपाकाला गेली. पाहुण्यानं यजमान "घ्या" म्हणेपर्यंत पेल्याला हात लावायचा नसतो. हांडाका हात मांडीवर ठेवून बसला. "घ्या" म्हणायचं मास्तर विसरले, कारण हांडाका पात्राकडं बघत होता आणि बघणारा माणूस दिसला की मास्तरांना राहवत नाही.

पात्यावरून बारीक बुडबुडे वर येत होते. "दिसतात ना? आता समजून घे," असं म्हणून मास्तरांनी सुरुवात केली ती थेट संयोगापासून. स्वतःच्या आईच्या पानाच्या डब्यातली चुनकळी काढून त्यांनी वाटीत पाणी ओतलं. वाटी चटका बसेल इतकी तापली. हांडाकानं मान डोलावली आणि पात्राकडं पाहिलं. मग अपघटन. चुलीवर चमच्यात साखर जाळून कोळसा करून दाखवला. वार्सिनीचा चांगला चमचा गेला. हांडाका म्हणाला, "बापाक, ते..."

"प्रश्न शेवटी," मास्तर म्हणाले.

विस्थापन समजवायला ते घरात जाऊन मोरचूद शोधून आले. निळ्या पाण्यात खिळा टाकला आणि लोखंड तांब्याला कसं हाकलून लावतं ते पाऊण तास सांगितलं. खिळ्यावर तांबूस थर चढला तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. पाठीमागं हातभर अंतरावर हेच विस्थापन पणजोबांच्या केरिसवर चाललं होतं, लोखंड आम्लातल्या हायड्रोजनला हाकलत होतं आणि स्वतः विरघळत होतं, पण मास्तरांची पाठ होती तिकडं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हांडाकानं हात अर्धा वर केला, मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं आणि खाली घेतला. होणाऱ्या सासऱ्याचं वाक्य तोडणारा पोरगा बायातमध्ये अजून जन्माला यायचाय.

दुहेरी विस्थापनाला मिठाचं पाणी आणि चांदीचं द्रावण. भांड्यात पांढरं दही पडावं तसा साका तयार झाला. आणि शेवटी ज्वलन. मास्तरांनी पात्राच्या तोंडाशी पेटती काडी नेली. फट् असा बारका आवाज झाला. "हायड्रोजन," मास्तर म्हणाले. नंतर नंतर ते वर्गात सांगतात, की पोरांनो, पणजोबांच्या केरिसला काडी लावून टाळ्या मागणारा माणूस सगळ्या जावा बेटावर मी एकटाच असेन. आणि जुना सोमल चढलेल्या पात्यावर आम्ल ओतलं तर भयंकर विषारी वायू निघतो, हे मी तुम्हाला सव्वीस वर्षं शिकवत आलोय. नशीब ओसरी उघडी होती. घरात बसलो असतो तर लग्नाऐवजी वेगळ्याच कामाला माणसं जमली असती.

मशिदीतून शुक्रवारच्या नमाजाची अजान झाली तेव्हा मास्तर भानावर आले. पावणेतीन तास झाले होते. त्यांनी पातं उचललं. वरचा भाग होता तसा होता. खालचा अर्धा कुरतडल्यासारखा बारीक झालेला, कडा झिरझिरीत, आणि टोक नव्हतंच. मास्तरांनी वळणं मोजली. बारा. पुन्हा मोजली. बाराच. हांडाकाचा चहा पेल्यात तसाच होता, वर साय धरल्यासारखा तपकिरी तवंग आलेला.

आता इथं मास्तरांनी जे केलं, ते सांगताना त्यांचा आवाज अजून पडतो. वार्सिनी धावत आली, पातं बघून म्हणाली, "अहो, दहा मिनिटं म्हणाला होतात ना?" मास्तरांच्या तोंडून गेलं, "हा पोरगा येऊन बसला. उठेचना. मी तरी काय करू?" हांडाका समोरच उभा होता. त्यानं मान खाली घातली, दोघांना वाकून नमस्कार केला आणि सायकल घेऊन गेला. नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर पातं फडक्यात गुंडाळून म्हबाह पाविरोंकडं गेले. म्हाताऱ्यानं पातं नाकाशी नेलं. "आम्ल?"

"हो."

"किती वेळ?"

"पावणेतीन तास."

"पावणेतीन तास तुम्ही काय करत होतात?"

"शिकवत होतो."

"कुणाला?"

"जावयाला."

म्हबाह पाविरोंनी बराच वेळ पात्यावरून अंगठा फिरवला. मास्तरांना वाटलं आता म्हातारा वर्षभराचं उट्टं काढणार, आणि काढलं असतं तर बरं वाटलं असतं. पण म्हबाहंनी एवढंच सांगितलं, की बारा वळणांची केरिस नवऱ्यामुलाच्या कमरेला देता येणार नाही, सम केरिस म्हणजे अर्धवट केरिस. बारावं वळण कानशीनं काढून टोक पुन्हा आणलं तर अकराची होईल. आखूड होईल, पण होईल. निकेल शाबूत होतं. भोवतीचं लोखंड गेल्यामुळं नक्षी उलट उठून दिसत होती. "नीट व्हायला दोन महिने लागतील," ते म्हणाले. "घाई असेल तर तुमच्याकडं आम्ल आहेच." एवढा एक टोला त्यांनी मारला. मग तिथंच बारावं वळण कानसलं आणि पडलेला लोखंडाचा चुरा केळीच्या पानात बांधून मास्तरांच्या हातात दिला. फेकायचा नाही म्हणाले, तुमच्याच घरातला आहे.

मास्तरांच्या घरात आता पाच लिटरची एक बरणी होती. तिच्यात ते हिरवट पिवळं आम्लाचं पाणी, म्हणजे पणजोबांचं एक वळण. गटारात ओतवेना, नदीत सोडवेना. वस्तुमान नाहीसं होत नाही हे मास्तर फळ्यावर सहज लिहायचे. ते आता न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसून त्यांच्याकडं बघत होतं. दुसऱ्या वळणाचा चुराही त्यांनी त्यातच टाकला. तो फसफसला आणि विरून गेला.

इकडं वार्सिनीनं नवऱ्याचं वाक्य खरं मानून बहिणीला सांगितलं. बहिणीनं बाजारात सांगितलं. आठवड्याभरात सगळ्या क्लातेनला ठाऊक झालं, की रंगाऱ्याचा पोरगा लग्नाआधीच सासऱ्याच्या दारात ठाण मांडून बसला आणि त्याच्या पायगुणानं घराण्याची केरिस गेली. लग्नाआधी केरिस मोडणं म्हणजे केवढा अपशकुन, हे इथं कुणाला समजवावं लागत नाही. लोक ही सोयरीक मोडा म्हणायला लागले. आणि हांडाकाला विचारलं तर तो म्हणायचा, "चूक माझीच आहे." शेवटी त्यानं पालुपीला निरोप पाठवला, की ती केरिस कमरेला लावायची माझी लायकी नाही, घरातल्यांना लग्नाचा पुन्हा विचार करायला सांग.

पालुपी लहानपणी वडिलांच्याच वर्गात शिकली होती. त्या दिवशी ती निरोप ऐकून आली, न्हाणीघरासमोर बसलेल्या वडिलांपुढं उभी राहिली आणि अगदी हळू बोलली. "बापाक, तो काहीतरी विचारायला बघत होता का?"

मास्तरांनी कोपऱ्यातल्या बरणीकडं पाहिलं.

"तुम्ही 'प्रश्न शेवटी' म्हणालात का?"

मास्तरांनी मान डोलावली. पालुपी रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, की लग्न मोडलं तरी चालेल, पण तो आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसेल, आणि ते तुम्हाला ठाऊक असेल. मग ती आत गेली. मास्तरांना त्या क्षणी आपण काय आहोत ते कळलं. कळलं म्हणजे, सव्वीस वर्षं लोकांच्या संसाराची उदाहरणं देणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोरीच्या संसारात बाटलीभर आम्ल ओतलं होतं, आणि दोष मात्र चहासुद्धा न प्यायलेल्या पोरावर ढकलला होता.

रविवारी ते बायातला गेले. एकटे. बू सुमिराहच्या अंगणात कढया उकळत होत्या, शेजारच्या बायका मेण लावत बसल्या होत्या. मास्तरांना वाटलं होतं आत बसून बोलता येईल. मग वाटलं, बाजारात जे पसरलं ते आत बसून कसं पुसणार. ते तिथंच, सगळ्यांसमोर उभे राहिले.

"हा पोरगा बसून राहिला नव्हता," ते म्हणाले. "मी बसवून ठेवला होता. त्यानं दोनदा बोलायचा प्रयत्न केला. मी गप्प बसवलं. केरिस माझ्या शहाणपणानं गेली. आणि त्याच्यावर ढकललं तेही मीच."

बायकांचे हात थांबले. हांडाका कढईपाशी उभा होता, कोपरापर्यंत निळा. मास्तर त्याच्याकडं वळले. "तुला त्या दिवशी काय विचारायचं होतं?"

हांडाकानं आईकडं पाहिलं. आईनं मान डोलावली. तेव्हा तो म्हणाला, "आता काढू का, असं विचारायचं होतं. रंगकामात आम्ही आम्लात हात घालतो, बापाक. तुम्ही चुना घेऊन आलात ना, तेव्हाच काढायला हवी होती."

म्हणजे पहिल्या दहा मिनिटांतच. मास्तरांना बसावंसं वाटलं. बसले. बू सुमिराहनं त्यांच्यापुढं चहा ठेवला आणि लगेच "घ्या" म्हणाली. यजमानानं "घ्या" म्हणण्यात एवढं काय असतं, ते त्यांना त्या दिवशी समजलं. मग बू सुमिराहनं विचारलं, "त्या पाण्याचं काय केलंत?"

"बरणीत आहे. टाकवत नाही."

"टाकू नका. लोखंडाचं पाणी ना? आम्ही हिराकस कशाला घालतो? काळा रंग धरायला. तुमचं आम्ल मारावं लागेल, चुना आहे माझ्याकडं. किती आहे?"

मास्तरांना तिथल्या तिथं तीन अभिक्रिया सुचल्या. त्यातली एकही त्यांनी सांगितली नाही. त्यांनी पेल्यातला चहा संपवला आणि बरणी आणायला निघाले.

मुलुदमध्ये लग्न झालं. म्हबाह पाविरोंनी केरिस आदल्या दिवशी घरी पोचवली होती. अकरा वळणांची, आखूड, पण काळीभोर, आणि नक्षी बोटाला लागेल अशी उठलेली. ती ठेवायची खोळ बू सुमिराहनं शिवून पाठवली होती. जाड सुती कापड, हिरड्याच्या रंगात भिजवलेलं आणि मग त्या बरणीतल्या पाण्यानं काळं केलेलं. पाणी संपलं होतं. गेलेली दोन वळणं कापडात उतरली होती.

लोकांना वाटलं होतं मास्तर बोलायला उभे राहिले की जेवण गार होणार. कवायतीच्या मास्तरांनी तर शेजाऱ्याला घड्याळ दाखवलं. मार्सुदी मास्तरांनी खोळीसकट केरिस दोन्ही हातांवर घेतली. हांडाका पुढं आला, गुडघ्यावर बसला. पिढीजात शब्द मास्तरांनी पाठ केले होते, ते ओठांवर आलेही. पण आधी त्यांनी वाकून हळूच विचारलं, "तुला काही विचारायचंय का?"

हांडाकानं वर पाहिलं. असं लग्नात कुणी विचारत नाही. तो थोडा वेळ विचार करत राहिला आणि सगळे थांबले. मास्तरही थांबले. त्यांचे हात भरून आले तरी ते बोलले नाहीत.

"नाही, बापाक," हांडाका म्हणाला.

मग मास्तरांनी केरिस त्याच्या हातात दिली.